भाऊजींचं तिसरं चाक

गोंदियात मोटरसायकलचं नवं शोरूम उघडलं की पहिल्या आठवड्यात आमचे भाऊजी तिथं हजर. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, गळ्यात दुपट्टा. काचेचं दार ढकलून आत जायचे, सगळ्यात पुढं ठेवलेल्या चकचकीत गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायचे, वाकून मागच्या चाकाच्या डावीकडं बघायचे, मग उजवीकडं बघायचे, आणि सेल्समन पोराला गंभीरपणे विचारायचे, "तिसरं चाक कुठी आहे?"

गोंदियाचा दुकानदार गिऱ्हाइकाशी आधी हिंदीतच बोलतो. पोरगं म्हणायचं, "सर, टू-व्हीलर है ये."

"वो तो दिख रहा है. तीसरा कब आयेगा?"

"सर, स्टँड है ना. साइड स्टँड, मेन स्टँड, दोनों."

"स्टँड चलता है क्या?"

यावर कुठल्याच कंपनीनं आपल्या पोरांना उत्तर शिकवलेलं नव्हतं. पोरगं वाकून स्टँडकडं बघायला लागलं की भाऊजी समाधानानं मान हलवायचे आणि जाता जाता म्हणायचे, "वर कळवा." वर म्हणजे कुठं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कंडक्टर असो, तलाठी असो, पंगतीत भात वाढणारा असो, काही कमी दिसलं की भाऊजींचं एकच: वर कळवा.

मी हे इतकं नेमकं सांगू शकतो, कारण माझी पहिली मोटरसायकल घ्यायला मी त्यांनाच सोबत नेलं होतं. घरातलं मोठं माणूस म्हणून नारळ त्यांच्या हातात दिला होता. गाडीला हार घातला, कुंकू लावलं, आणि भाऊजींनी नारळ फोडायच्या ऐवजी चौकशी सुरू केली. शेवटी मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. मी शोरूमच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हेल्मेटं बघत उभा राहिलो. हा माणूस जणू माझा कोणी नव्हेच.

तेव्हा त्यांचं नातं सांगायची मला लाज वाटायची. आजही वाटते, पण ती माझी मलाच, आणि ती का, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. तरी क्रमानंच सांगतो. भाऊजींबद्दल बोलताना हसू येतंच. ते येऊ द्यावं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, इंदूबाईचे यजमान; तिला मी नुसतं बाई म्हणतो. नाव तुळशीराम. दरेकशाकडच्या डोंगरात एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आमचं गाव सौंदडजवळ, आणि मी इथल्या हायस्कुलात बाबू. हजेरीपट, बिलं, दाखले. बोलणं कमी. वर्षातून एकदा दंडारीत सोंग घेतो, तेवढाच माझा आवाज गावाला ऐकू येतो. त्याबद्दल पुढं येईल.

भाऊजींचं म्हणणं थोडक्यात असं. दोन चाकांवर कोणतीच गाडी उभी राहत नाही. "ते पडतच राहते गा. मानूस तिले घाईघाईनं पुढं पळवून राहिला, म्हनून तिले पडाले टाइम नाही भेटत." आणि थांबल्यावर? "थांबलं का पाय टेकवा लागते. जे गाडी उभं राहाले तुमचा पाय मांगते, ते तुमाले नेऊन राहिली का तुमी तिले?"

मग उदाहरणं यायची. चुलीला दगड किती? तीन. दूध काढायच्या तिपाईला पाय किती? तीन. बैलगाडी सोडून ठेवली की पुढं टेका लावतात, म्हणजे दोन चाकं आणि एक टेका, झाले की नाही तीन? एका लग्नात तर त्यांनी आचाऱ्याची चार पायांची चौपाई आणि घरातली तिपाई शेजारी शेजारी उबडखाबड जमिनीवर ठेवून दाखवली. चौपाई डुलत होती, तिपाई गप्प. "पाह्यलं?" असं म्हणून त्यांनी वर बघितलं, तोवर चौपाईवरचं वरणाचं गंज, भलं मोठं पातेलं, कलंडलं होतं. नवरीचा बाप अजूनही आमच्याशी नीट बोलत नाही.

लोक म्हणायचे, मास्तर, एवढी हौस आहे तर आटो घ्या. गोंदिया स्टेशनच्या बाहेर एका आटोवाल्यानं तर त्यांना आपला आटोच विकायला काढला होता. "ले जाओ मास्टरजी, तीन चक्का है, छत भी है."

"आटो में आदमी बैठता है," भाऊजी म्हणाले, "मोटरसायकल पे सवार होता है. फरक समझो."

"तो फिर हँडीकॅप वाला ले लो. बाजू में दो छोटे चक्के."

यावर मात्र भाऊजी हसले नाहीत. "आटो म्हंजे धंदा," ते मला नंतर चालता चालता म्हणाले. "कार म्हंजे सायब, आनि ते आमच्या गावच्या धुऱ्याबांधावरून येत नाही. ते बाजूच्या चाकाची गाडी म्हंजे अंगावर चिठ्ठी चिकटवून फिरनं. मी मोटरसायकल म्हनून राहिलो. समोर एक चाक, मांगं दोन, जवर-जवर. साधी, सस्ती, पहिल्यांदा गाडी घेनाऱ्या मानसाची. धान विकलं का दिवाळीले घेता आली पाहिजे. मास्तरनं घेतली पाहिजे, दवाखान्याच्या आशाबाईनं घेतली पाहिजे, पोस्टमननं घेतली पाहिजे."

"तुम्हीच घ्या ना बनवून," मी म्हणालो. "वेल्डरकडून. एक बनवून द्या म्हणा."

"एक?" ते थांबले. "एक राहिली तर लोक पाह्यतेत. हजार राहिल्या तर कोन पाह्यते?"

मला ते तेव्हा फार विनोदी वाटलं होतं. हजार तीनचाकी मोटरसायकली, प्रत्येकीवर एकेक तुळशीराम मास्तर.

आणखी एक गंमत माझ्या लक्षात आली होती, पण मी तिचा विचार केला नाही. या गाडीच्या इंजिनाबद्दल भाऊजी कधी बोलत नसत. मायलेज विचारलं तर म्हणायचे, "देईन, कितीकही देईन." पण मागच्या सीटबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. मागे पाठीला टेका पाहिजे. दोन्ही बाजूंनी दांडी पाहिजे, कोपराएवढी उंच. पाय ठेवायला रुंद फळी पाहिजे, साडीवाल्या बाईला एका बाजूला तोंड करून बसावं लागू नये. आणि पट्टा.

"पट्टा?" एका सेल्समननं विचारलं होतं. "पीछे कौन बैठेगा सर, बच्चा?"

"कोई भी," भाऊजी म्हणाले आणि लगेच बाहेर पडले. त्या दिवशी 'वर कळवा' म्हणायचं राहून गेलं.

आता हे सांगितलं पाहिजे की भाऊजी जन्मापासून असे नव्हते. बाईचं लग्न झालं ते आमचा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या साली. लग्नात माझ्या बाबांनी जावयाला मोटरसायकल दिली. कोणी मागितली नव्हती. भाऊजी नको म्हणत होते, त्यांचे वडील नको म्हणत होते, पण बाबा हट्टाला पेटले होते. अख्ख्या मांडवात बाबांचं कौतुक झालं. आणि भाऊजींनी ती गाडी अशी चालवली की विचारू नका. दरेकशाच्या घाटात वळणावर नुसतं कलायचे. बाई मागे एका बाजूला पाय टाकून बसायची, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. पहिल्या भाऊबीजेला ते दोघं गाडीवरून आमच्या दारात उतरले तेव्हा आळीतल्या बायका बघायला जमल्या होत्या.

वर्ष झालं नसेल, तोवर बातमी आली. नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, गाडी घसरली, बाईच्या कपाळाला टाके पडले. भेटायला गेलो तर भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "मीच डुलकी खाल्ली." पुढच्या महिन्यात त्यांनी गाडी विकून टाकली. सासऱ्यानं दिलेली गाडी, आम्हाला न विचारता! बाबा जेवले नाहीत त्या दिवशी. आणि त्यानंतर भाऊजींचं हे तीन चाकांचं सुरू झालं. आम्ही घरात ठरवून टाकलं की माणूस भित्रा निघाला आणि भीती झाकायला तत्त्वज्ञान काढतो आहे.

आमच्याकडे भाटव्याची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, टिंगल करायचा साळ्याला हक्कच असतो. भाटव्यानं रागवायचं नाही, अशी रीत. पानात लोणच्याऐवजी मीठ वाढा, जोडा लपवा, काहीही करा. मी अबोल माणूस, पण हा हक्क मी पुरेपूर वापरला. दर दिवाळीला भाऊबीज आणि मंडई जोडून येते. मंडई म्हणजे गावची जत्रा, लेकी-बाळी माहेरी येतात, घराघरांत पाहुणे मावत नाहीत. बाई आणि भाऊजी दरेकशाहून पॅसेंजरनं गोंदियाला, तिथून गाडी बदलून सौंदडला. मी स्टेशनवर माझी मोटरसायकल घेऊन जायचो, मुद्दाम, पुसूनबिसून.

"बस बाई," मी म्हणायचो. "दहा मिनिटांत घरी."

बाई गाडीकडे बघायची. बघायची म्हणजे कशी, ते मला आता आठवतं. भाऊजी मध्ये येऊन हँडल धरायचे आणि भाषण सुरू करायचे. ब्रेक, टायर, पाय टेकवणं. फलाटावरचे हमाल जमायचे. तेवढ्यात बाई पायीच पुढं निघालेली असायची. मग भाऊजी बॅग उचलून माझ्या मागच्या सीटवर ठेवायचे. "इले घेऊन जाय. हे पडली तर चालते." आणि दुपट्ट्यानं घाम पुसत बाईच्या मागे झपाझप चालायला लागायचे.

मी घरी येऊन हा प्रसंग नक्कल करून दाखवायचो. आई हसून हसून डोळ्याला पदर लावायची. तिथंच मला कल्पना सुचली.

मंडईच्या दिवशी दुपारी आमच्या गावात दंडार असते. ढोलकी, नाच, गाणी, आणि मधेमधे सोंगं. स्टेज वगैरे नाही, चिंचेखालच्या मुरुमाच्या मैदानात लोक गोल करून बसतात, बायका एका बाजूला. भाऊजी मात्र बायकांच्या कडेला, बाईच्या अगदी शेजारी बसायचे. त्यावरूनही लोक बोलायचे, मास्तर पदराला गाठ मारून फिरतात म्हणून. त्या वर्षी मी सायकलच्या तीन रिमा बांबूला बांधल्या, खिशाला दोन पेनं लावली, दुपट्टा घेतला आणि गोलात शिरलो. बांबूभोवती एक पूर्ण फेरी. डावीकडं वाकलो. उजवीकडं वाकलो.

"तिसरं चाक कुठी आहे?"

लोक असे हसले की ढोलकीवाल्याला थांबावं लागलं. मी सगळं केलं. चूल, तिपाई, वरणाचं गंज, वर कळवा. बॅगेला सीटवर बसवून "हे पडली तर चालते" केलं. आणि भाऊजी सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. मधेच ओरडलेसुद्धा, "अरे, पेन उजव्या खिशाले नाही, डाव्या!"

तेव्हा माझं लक्ष बाईकडे गेलं. ती हसत नव्हती. उठली आणि घराकडे निघून गेली.

त्या दिवसापासून भाऊजी दोन तालुक्यांत 'तीनचाकी मास्तर' झाले. शाळेतली पोरं त्यांच्या पाठीमागे भुर्र भुर्र करत फिरायची, असं ऐकलं.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आधी मी घरी आलो तर बाई सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत, एकटी लाह्या निवडत बसली होती. मी म्हणालो, "काय वं बाई, राग आला का? भाऊजी तर हसून राहिले होते."

"ते हसतीनच," बाई म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून विचारलं, "दिनू, तुले खरंच मालूम नाही का?"

पुढचं मी लिहू का, हे मी बाईला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिही ना. माह्या दुखन्याची मले कधी लाज नव्हती. तुमालेच होती." म्हणून लिहितो.

बाईला लहानपणापासून झटके येत. मिरगी. शाळेत असताना दोनदा, घरी किती वेळा तरी. आम्ही कांदा हुंगवायचो, चप्पल हुंगवायचो, दार लावून घ्यायचो. दार लावून घेणं हाच आमचा मुख्य इलाज. लग्नाची बोलणी झाली तेव्हा मी बाबांच्या शेजारी बसलो होतो. घरातला शिकलेला मुलगा म्हणून. पाहुण्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, पोरीला काही आजार-बिजार? बाबांचं तोंड उघडेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "नाही."

एवढा एकच शब्द. मग बाबांनी न मागता मोटरसायकल दिली. मग सासरहून कधी तक्रार आली नाही, तेव्हा आम्ही समजून घेतलं की लग्नानंतर झटके गेले. असं होतं म्हणतात. आम्ही कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळालं असतं.

"रपट्यावर मलेच झटका आला होता," बाई म्हणाली. "मी मांगच्या मांगं पडली. गाडी कुठी घसरली? मी पडली म्हनून हे घसरले. यायनं मले कुशीवर केलं, दुपट्टा डोक्याले बांधला, आनि रक्त थांबाच्या आधी मले म्हनते, 'मी डुलकी खाल्ली असं सांगू.'"

"मग आम्हाला कायले नाही सांगितलं?"

"मी म्हनली होती, माह्या बापाले जाब इचारा. तर हे म्हनते, 'त्याइले समजन का आपल्याले समजलं. बुढ्याले तोंड दाखवाले जागा नाही राहन.' गाडी इकली. आता लोक इचारतीन, जवान मास्तर, गाडी होती, काऊन इकली? बायकोले काऊन बसवत नाही? तवा हे दोन चाकाचं काढलं. पयले सोंगच होतं ते. मंग यायले खरंच पटलं."

भाऊजी दर दोन महिन्यांनी नागपूरला जायचे. आम्ही समजायचो कुठल्यातरी कंपनीच्या डोक्याला ताप द्यायला जातात. ते बाईला डॉक्टरकडे नेत होते. पिशवीत गोळ्या असायच्या.

मी सांदवाडीतून बाहेर आलो तेव्हा भाऊजी ओसरीवर माझ्या बाबांना तिपाईचं समजावत होते. बाबा कंटाळून हो हो करत होते. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. मी त्यांना चहा नेऊन दिला. यापेक्षा जास्त मला काही जमलं नाही.

पुढच्या वर्षी मंडई आली तेव्हा मी दंडारवाल्यांना सांगून टाकलं, मी सोंग घेणार नाही, पाठ दुखते. भाऊजींना ते कळलं तसे ते मला ओढ्याकडे घेऊन गेले. मला वाटलं आता विषय निघणार. मी तयारी करत होतो.

"बंद काऊन केलं?" ते म्हणाले.

"बरं नाही दिसत, भाऊजी. मोठ्या माणसाची..."

"बाईनं सांगतलं वाटते तुले." त्यांनी दुपट्टा खांद्यावर नीट केला. "पाह्य दिनू. लोकाइले माह्यावर हसाची सवय झाली. आता तू बंद केलं तर ते इचार करतीन. आनि लोकाइले इचार कराची सवय लावू नोको. नक्कल कर. मस्त कर. डाव्या खिशाले पेन."

तेव्हापासून मी दरवर्षी ती नक्कल करतो. लोक मागून घेतात. कोणाला माहीत नाही की मी आता एकही शब्द खोटा घालत नाही. पाठीला टेका, बाजूला दांडी, साडीवाल्या बाईसाठी फळी, सगळं जसंच्या तसं. हजार गाड्या राहिल्या तर कोन पाह्यते, हेसुद्धा म्हणतो. या वाक्यावर सगळ्यांत जास्त हशा येतो. आणि मी घामाघूम होऊन वाकतो, आणि लोकांना वाटतं किती छान वठवतो.

एका वर्षीची गोष्ट सांगतो. तेव्हा बाजारात बॅटरीवरच्या रिक्षा आल्या होत्या, आणि मी त्यात त्यांचीही भर घातली होती. सोंग रंगात आलं होतं. मी बांबू घेऊन फेरी मारत बायकांच्या बाजूला आलो तर बाईची मान एकीकडे वळलेली, नजर कुठंतरी अडकलेली, बोटं पदर चिवडत होती. मला लहानपणापासून माहीत असलेली खूण. भाऊजींचा हात आधीच तिच्या पाठीमागे होता. ते हसतच होते, तोंड माझ्याकडे होतं, आणि हात तिला हळूहळू कुशीवर घेत होता. शेजारच्या एका बाईनं मान वळवायला सुरुवात केली.

मी पडलो. बांबू, रिमा, सगळं घेऊन धाडकन मुरुमात. उठलो, पुन्हा पडलो. "तीन चाकाची बी पडते गा!" कोणीतरी ओरडलं. मी चाकांशी भांडलो, चाकांना शिव्या दिल्या, एक रीम गळ्यात घालून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लोळत गेलो. लोक उभे राहून बघायला लागले. सगळी गर्दी त्या बाजूला झुकली. ढोलकीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं जोरात ठेका धरला, आणि मी त्या ठेक्यावर पडत राहिलो. दम संपेपर्यंत पडलो. मग चोरून बघितलं तर बायकांच्या बाजूला दोघंही नव्हते.

घरी आलो तेव्हा बाई मागच्या खाटेवर झोपलेली, तोंड धुतलेलं, चेहरा थकलेला. डोळे उघडून तिनं विचारलं, "लोकाइनं पाह्यलं का?"

"कोनी नाही," भाऊजी म्हणाले. "समदे दिनूकडं पाहून राहिले होते."

मग त्यांनी मला खाटेजवळ खाली बसवलं. माझं कोपर सोललं होतं, मुरुमाचे बारीक खडे आत रुतले होते. त्यांनी पाणी आणलं, दुपट्ट्याचं टोक भिजवलं आणि एकेक खडा काढायला लागले. शाळेतल्या पोराचा गुडघा पुसावा तसं. मधेमधे फुंकर घालायचे. बाईला पुन्हा झोप लागली होती. इतक्या वर्षांत मला जे बोलता आलं नव्हतं, ते मी त्यांच्या टकलाकडे बघत बोललो.

"भाऊजी, बोलणीच्या वेळी ते 'नाही' मीच म्हणालो होतो."

"मालूम आहे," ते म्हणाले. "मी समोरच तं बसलो होतो."

"मला माहीत होतं तेव्हा. सगळं माहीत होतं."

"तेई समजलं होतं. नाही म्हनला आनि तू जमिनीकडं पाहाले लागला. पोरगं खोटं बोलून राहिलं, येवढं मास्तरले समजते गा. काय आहे ते नव्हतं मालूम. काईतरी आहे, येवढं समजलं."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मग तुम्ही तेव्हाच नकार काऊन नाही दिला?"

भाऊजींनी खाटेकडे बघितलं. मग दुपट्ट्याचं टोक पुन्हा पाण्यात बुडवून पिळलं.

"पोरगी पसंत होती," ते म्हणाले. "हात हलवू नोको. आजून एक खडा आहे."